धावती फ्लिक

त्या वर्षी पंचवीस वर्षांची ईश्वरी मला रोज दिसायची. खरी ईश्वरी तेव्हा एकोणीसची होती.

मी खडकओढ्याच्या दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. लोक कॅन घेऊन येतात, मी वजन करते, फॅट काढते. रांगेतल्या माणसांना दुसरा उद्योग नसतो, म्हणून ती मोबाइलवर 'उद्याची लीग' नावाचा खेळ बघत बसतात आणि माझ्या चुलत बहिणीला शिव्या घालतात. पंचवीसच्या ईश्वरीवर सगळ्यांचा जीव होता. शिव्या असायच्या त्या एकोणीसच्या ईश्वरीला.

"पाय जड झाल्यात तिचं," सर्जेराव नाना म्हणाले. "आकादमीत नुसती खाऊन बसती काय गं, हर्षदा?"

"नाना, कॅन पुढं घ्या. मागं रांग हाय."

"माझं गुण कापलं कालच्याला. कॅप्टन केलीया मी तिला. आपल्या गावची म्हणून केली, आन् ही तिकडं ढिली पडली."

नाना आयुष्यात कधी हॉकीच्या मैदानाकडे फिरकले नव्हते. स्टिक हातात धरायची कुठल्या बाजूने हेही त्यांना सांगता आलं नसतं. पण ते माझ्या बहिणीचे मालक होते, निदान त्यांना तसं वाटायचं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या रांगेनं शिकवलं.

उद्याची लीग हा खेळ 'उत्कर्षरेषा' नावाच्या कंपनीनं काढला. गावोगावच्या शाळांतून चौदा-पंधरा वर्षांच्या हॉकी खेळणाऱ्या मुली हेरायच्या. त्यांच्या मनगटाच्या हाडांचे फोटो काढायचे, म्हणजे वाढ किती शिल्लक आहे ते कळतं. मग त्यांना एक संच द्यायचा: तळव्यात संवेदक बसवलेले बूट आणि मुठीत संवेदक बसवलेली स्टिक. मुलगी खेळत राहते आणि प्रत्येक पावलाचा दाब, प्रत्येक फटक्याचा कोन कंपनीच्या यंत्राकडे जात राहतो. या सगळ्यातून यंत्र तिचं एक शरीर रचतं, हाडं-स्नायू-शिरांसकट. त्या शरीराला ते पुढची दहा वर्षं जगवून बघतं, हजारो वेगवेगळ्या तऱ्हांनी, आणि त्यातली सगळ्यात संभाव्य तऱ्हा निवडतं. तयार होते ती पंचवीस वर्षांची मुलगी. तिला प्रतिरूप म्हणतात.

रोज संध्याकाळी ही प्रतिरूपं एकमेकींशी सामने खेळतात. तुम्ही घरबसल्या त्यातल्या अकरा निवडायच्या, गोलाचे, पासचे गुण मिळवायचे, वरचढ ठरलात तर बक्षीस. आणि खोटं कुणी म्हणू नये म्हणून कंपनीनं एक नियम घातला. दर पंधरवड्याला खऱ्या मुलीची चाचणी घ्यायची. या वयाला प्रतिरूप जिथं होतं तिथं ती पोचली आहे का, हे बघायचं. मागे पडली असेल तर तेवढी तफावत आणि तेवढे प्रतिरूपाचे गुण कमी. म्हणजे पोर आजारी पडली, पाळी आली, आईच्या आठवणीनं जेवली नाही, तरी त्याचा फटका नानांना. मग नाना आणि नानांसारखे लाखो लोक तिला संदेश पाठवून जाब विचारणार. कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्याला एकदा आमच्या रांगेत उभं करायला हवं.

ईश्वरी-पंचवीस गाजली ती एका फटक्यामुळं. धावती फ्लिक.

पेनल्टी कॉर्नरला चेंडू गोलरेषेजवळून डीच्या, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाला ढकलतात. तिथं फ्लिक मारणारी उभी असते. ती दोन्ही पाय रुंद टाकून, कंबर जमिनीकडे नेऊन, चेंडू स्टिकला चिकटवून ओढते आणि भिरकावते. ड्रॅग फ्लिक म्हणतात तिला. हा फटका खुब्यातून येतो, त्याला पाय रोवावे लागतात. जगात कुणीही तो पूर्ण वेगात धावताना मारलेला नाही. ईश्वरी-पंचवीस मारायची. वाऱ्यासारखी धावत यायची, आणि त्या धावण्यातच तिची कंबर खाली जाऊन चेंडू जाळ्यात दिसायचा. लोक वेडे झाले होते.

मीही पुष्कळदा पाहिली होती ती फ्लिक, पण नेहमी दुसऱ्याच्या मोबाइलवर, ओझरती. त्या दिवशी नाना पावतीसाठी थांबले होते आणि त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला होता. लीगवाले फ्लिक सावकाश करून दाखवत होते. नुसते पायच मोठे केलेले. पहिली तीन-चार पावलं डाव्या पायाचा चवडा बाहेरच्या बाजूला उघडत होता.

मी लहानपणी ट्रॉलीवरून पडले होते. डावा घोटा मोडला आणि जरा वाकडाच सांधला. आजही मी जोरात सुटले की पहिली पावलं माझा चवडा असा उघडतो. ईश्वरीचे पाय सरळ पडतात.

मी पावती अर्धी लिहून ठेवून बाहेर आले आणि शेडच्या मागे उभी राहिले.

आता त्या बुटांबद्दल सांगते.

आमचं घर एकत्र. काकी, म्हणजे ईश्वरीची आई, आणि माझी आई एका चुलीवर. ईश्वरी माझ्याहून दहा महिन्यांनी लहान, आणि घरात नवी वस्तू आली की ती कधी एकटीची नसायची. एक सायकल, एक दप्तर, जत्रेत घेतलेला एक ड्रेस आज हिनं घालायचा, उद्या तिनं. शाळेत लोखंडे सर हॉकी शिकवायचे. ईश्वरी फ्लिक मारायची. मी पहिली रशर. रशर म्हणजे काय, तर पेनल्टी कॉर्नरला चेंडू निघाला रे निघाला की गोलरेषेवरून सुटायचं आणि सरळ फ्लिक मारणारीच्या अंगावर जायचं. चेंडू आपल्याला लागला तर उत्तम, गोल वाचला. या कामाचं कौतुक कुणी करत नाही. उद्याच्या लीगमध्येही रशरला गुण नाहीत.

कंपनीची माणसं आली तेव्हा ती फ्लिक बघायला आली होती. संच ईश्वरीला मिळाला. संध्याकाळी सरांसमोर ती बूट घालूनच खेळायची. पण सकाळी आम्ही दोघीच मैदानावर असायचो, आणि मैदान म्हणजे मुरूम. ईश्वरीला फ्लिक मारताना अनवाणी बरं वाटायचं, पायाची बोटं मुरुमात रुततात म्हणून. मला मात्र पळायचं होतं आणि माझ्या कॅनव्हासच्या बुटांचे तळवे गेले होते. मापही एकच, वजनही मागेपुढं. तिनं पहिल्याच दिवशी बूट काढून माझ्याकडे टाकले.

"घाल. म्या काय पळतीय का हितं?"

वर्षभर रोज सकाळी हेच. ती अनवाणी फ्लिक मारायची आणि मी तिचे बूट घालून तिच्या अंगावर धावायचे. चूक झाली असं म्हणणारे पुढं बरेच भेटले. मला अजूनही त्यात चूक दिसत नाही. एका घरातल्या दोन मुलींपैकी एकीनं पायात बूट घालून उभं राहायचं आणि दुसरीनं मुरुमावर घसरायचं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

यंत्राला मात्र दोन मुली दिसत नव्हत्या. त्याला एक स्टिक आणि एक बुटांची जोडी दिसत होती. स्टिक फ्लिक मारतेय आणि त्याच क्षणी बूट पूर्ण वेगात धावताहेत. यंत्रानं त्यातून एक मुलगी बनवली.

आणि हे कळल्यावर मला जे आठवलं त्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच वर्षी कंपनीनं माझीही एकदा चाचणी घेतली होती, पुण्याला नेऊन, टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर. टर्फ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते आणि पायात तेच झिजलेले कॅनव्हास. मी तीनदा घसरून पडले. निकाल आला: संभाव्य मर्यादा, जिल्हा पातळी. तो कागद पाहून मी स्टिक माळ्यावर टाकली आणि कामाला लागले. तेच पाय ईश्वरीच्या नावावर जगात पहिले आले होते.

मी तिला फोन लावला.

"ईशे, ती धावती फ्लिक माझ्या पायांची हाय."

ती म्हणाली, "आज कळलं व्हय तुला?"

"म्हंजी तुला ठावं हुतं?"

"पहिल्यांदा बघितली तवाच. तुझा डावा पाय मी वळखणार न्हाय का?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय करू? घरी येऊ? शेण काढू?" तिचा आवाज चढला. "तुला काय म्हाईत हाय गं, हितं काय चाललंय. रोज हजार माणसं इचारत्यात, कधी पळणार तशी. जाऊ दे आता. सोमवारी माझ्या पायाचं काम हाय. ते झालं की पळीन."

"कसलं काम?"

"टाचंत आन् खुब्यात टोचणार हायत कायतरी. काकूला सांगू नगंस, उगं घाबरंल," असं म्हणून तिनं फोन ठेवला. काकू म्हणजे माझी आई. तिच्या स्वतःच्या आईला तिनं काहीच सांगितलं नव्हतं.

मी त्याच शनिवारी सुट्टी टाकून काकीला घेऊन गेले. काकीला वाटलं, लेकीला भेटायचंय. तिनं डब्यात शेंगदाण्याची पोळी घेतली होती. कंपनीची अकादमी चाकणच्या पुढं आहे. फाटकाच्या आत गेल्या गेल्या भिंतभर ईश्वरी-पंचवीस. काकी त्या चित्रापुढं थांबली आणि म्हणाली, "किती भरलीय गं अंगानं." मग खरी ईश्वरी आली. गालफडं बसलेली, दोन्ही टाचांना पट्ट्या, आणि पायऱ्या उतरताना कठडा धरत होती. काकी तिच्याकडे आणि भिंतीकडे आळीपाळीनं बघत राहिली.

त्या दोघींना बागेत बसवून मी डॉक्टर वर्तकांना भेटायला गेले. डॉक्टर ऋजुता वर्तक, प्रतिरूपांच्या प्रमुख. चाळिशीच्या, शांत. मला आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी बूट, सकाळ, मुरूम सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटत होतं, या बाईला धक्का बसेल.

"हो," त्या म्हणाल्या. "पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

"मग?" मी म्हणाले.

त्यांनी पडद्यावर दोन आलेख उघडले. "ही संध्याकाळची पावलं, ही सकाळची. दाब वेगळा, टाच उचलण्याची वेळ वेगळी. चाल सहीसारखी असते, दोन माणसांची कधी एक नसते. आम्ही ठरवलं होतं की सकाळच्या नोंदी काढून टाकायच्या. पण तोवर प्रतिरूपाची पहिली चाचणी फेरी झाली होती आणि लोकांनी ती फ्लिक पाहिली होती."

"आमच्याकडं गाईच्या दुधात कुणी म्हशीचं ओतून आणलं तर आम्ही कॅन परत पाठवतो, मॅडम."

"बरोबर आहे. पण आमच्याकडे ते दूध लोक पिऊन बसले होते."

"आणि त्यासाठी तिला टोचणार?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, शिक्षिका सांगते तसं. जोरात सुटणाऱ्या माणसाच्या टाचेमागची शीर ताठ असते, ताणलेल्या स्प्रिंगसारखी. माझी तशी आहे. फ्लिक मारणाऱ्याचा खुबा सैल लागतो, खूप फिरणारा. ईश्वरीचा तसा आहे. दोन्ही गोष्टी एका शरीरात सहसा नसतात, कारण ताठ टाचेचा झटका सैल खुब्याला सोसत नाही. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी बारीक जाळीवर चढवून ईश्वरीच्या टाचेत बसवायच्या, म्हणजे शीर ताठ होईल. आणि तोच झटका सोसावा म्हणून खुब्याभोवतीचं आवरणही घट्ट करायचं.

"खुबा घट्ट केल्यावर ती फ्लिक कशी मारणार?"

"थोडी तडजोड होईल. पण तफावत धावण्यातच जास्त आहे, ती भरून निघेल."

"आणि पुढं? तिशीत?"

"सांधा झिजण्याची शक्यता असते. संमतीपत्रात तसं लिहिलंय. ती सज्ञान आहे."

एवढी हुशार बाई, सगळं माहीत असलेली, आणि आवाजात कुठं काही हललं नाही. मला तिच्या टेबलावरचा पेला भिंतीवर फेकावासा वाटला. मी तो दोन्ही हातांत धरून बसले.

"दुसरा मार्ग आहे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मला पाणी कशासाठी दिलं होतं. "तुम्ही इथं या. राहायची सोय करू. चाचणीच्या दिवशी ईश्वरी फ्लिक मारेल, तुम्ही धावाल. नोंद तिच्या नावावर. तफावत राहणार नाही, मग शस्त्रक्रियाही नको."

"आणि थंडीत तुमचा खऱ्या मुलींचा सामना हाय त्याचं काय? लोकांसमोर? तिथं तिला धावत फ्लिक मारायला लागंल."

"तोवर बघू," डॉक्टर वर्तक म्हणाल्या.

मी बाहेर आले तर ईश्वरी दारातच उभी. तिनं सगळं ऐकलं होतं, किंवा तिला ते आधीच माहीत होतं. तिनं माझं मनगट धरलं.

"कर की, हर्षे. तुझं काय जातंय? नुसतं पळायचं हाय."

"आन् थंडीत?"

"तवाचं तवा. पाय मुरगळला म्हणीन. खुबा तरी वाचंल माझा."

"एक साल वाचंल. मग परत टोचायचं म्हणतील. मी तीन वर्सं झालं कॅन उचलतीय ईशे, माझं बी पाय आता तसं ऱ्हायलं न्हाईत. उद्या माझी बी तफावत काढतील, आन् मला बी टोचतील. त्या पंचवीसवालीपुढं आपण दोघी मिळून बी पुऱ्या पडत न्हाय."

"तुझी जळतीय," ती म्हणाली. "तू जिल्ह्याची ठरलीस आन् मी हितं आली, म्हणून जळतीय."

जळत होतं. नाही कसं म्हणू? भिंतीवरचं ते चित्र माझ्या पायांवर उभं होतं आणि खाली नाव तिचं होतं. पण त्या पट्ट्या बांधलेल्या टाचाही मी पाहिल्या होत्या. दोन्ही खरं होतं, आणि मला त्यातलं काय जास्त खरं आहे हे निवडत बसायला वेळ नव्हता. सोमवार परवावर आला होता.

"जळतीय," मी म्हणाले. "तरी बी न्हाय म्हणतीय."

तिनं माझं मनगट झटकलं. काकी बागेतून डबा घेऊन येत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी लोखंडे सरांच्या घरी गेले. सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. मग म्हणाले, "तिचं सगळं जाईल, हर्षदा."

"खुबा जाणार न्हाय, सर."

"तू विचार केलायस ना?"

"विचार करायला लागले तर सोमवार उजाडंल."

मैदानावर आम्ही दोन तुकडे चित्रित केले. एकात मी गोलरेषेवरून सुटते, कॅमेरा माझ्या पायांवर. दुसऱ्यात मी फक्त तोंडानं सांगते: बूट माझ्या पायात होते, स्टिक तिच्या हातात होती, कंपनीला हे पहिल्यापासून माहीत होतं, आणि उद्या त्या न झालेल्या मुलीसाठी खरीच्या टाचेत जाळी घालून खुबा आवळणार आहेत. शेजारी ईश्वरी-पंचवीसची फ्लिक लावली. सर म्हणाले, आवाज जरा खाली ठेव, ओरडल्यासारखं वाटतंय. मी म्हणाले, मी ओरडतच आहे.

पहिले काही तास लोकांनी मला खोटारडी ठरवलं. जळकी, प्रसिद्धीसाठी हपापलेली, दूधवाली. मग कुणीतरी दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून पावलं जुळवली. डावा चवडा तंतोतंत बसला. संध्याकाळपर्यंत ते देशभर फिरलं, आणि सोमवारी सकाळी शस्त्रक्रिया 'तूर्त स्थगित' झाली.

मला वाटलं, आता लोक कंपनीवर तुटून पडतील. दोन दिवस पडलेही. तिसऱ्या दिवशी कंपनीनं निवेदन काढलं: खेळाडूनं संच दुसऱ्या व्यक्तीला वापरायला देऊन कराराचा भंग केला आहे, सबब ईश्वरी मदने हिला मुक्त करण्यात येत आहे. डॉक्टर वर्तकांनी मला जे आलेख दाखवले होते त्यांचा त्यात उल्लेख नव्हता. मी पुन्हा बोलले, पत्रकारांना सांगितलं. ते म्हणाले, आलेखाची प्रत आहे का? प्रत कुठली असणार.

आणि मग लीगमध्ये कौल घेतला. ईश्वरी-पंचवीस काढून टाकायची की ठेवायची? लोकांनी भरभरून मतं दिली. ठेवायची. नाव फक्त बदललं. आता ती अवनी-पंचवीस आहे. तिला गाव नाही, आई नाही. मागे खरी मुलगीच नसल्यामुळं चाचणी नाही, चाचणी नाही म्हणून तफावत नाही. नानांचे गुण आता कधी कापले जात नाहीत.

"ब्येस झालं बघ," नाना मला म्हणाले. "उगं त्या पोरीच्या डोक्याला बी ताप हुता."

मी त्यांचं दूध मापलं, पावती दिली. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती.

ईश्वरी एसटीनं आली, एक बॅग घेऊन. मी स्टँडवर गेले होते. तिनं बॅग माझ्या हातात दिली नाही. घरापर्यंत ती पुढं आणि मी मागं. उंबऱ्याशी आल्यावर ती वळली.

"माझा खुबा वाचवलास तू," ती म्हणाली. "आता ह्या खुब्याचं काय करू, तेवढं सांग."

काकीनं तिला आत घेतलं आणि माझ्याकडे न बघता दार लोटलं. त्यानंतर आमच्या घरात चूल एकच राहिली, पण काकी मला वाढताना भाकरी ताटात लांबून टाकायची. ईश्वरी माळवदावर झोपून असायची. गावातल्या बायका येऊन तिला बघून जायच्या आणि जाताना माझ्याकडे बघायच्या. बहिणीचं वाटोळं केलं, असं माझ्या तोंडावर कुणी म्हणालं नाही, एवढंच.

माझा राग मला कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. कंपनी लांब होती, तिच्या फाटकावर पहारा होता. नाना जवळ होते, पण त्यांच्यावर रागावणं म्हणजे डबक्यात काठी मारणं. उरली ईश्वरी. तिला सगळं माहीत होतं आणि तिनं गप्प राहून आपला पाय पुढं केला होता. रात्रंदिवस मी तिच्यावरच संतापत होते. ती माझ्यावर संतापत होती हे तर दिसतच होतं.

एके दिवशी सकाळचं संकलन आटोपून मी घरी निघाले होते. शाळेच्या मैदानावरून स्टिकचा आवाज आला. लोखंडे सर गोलरेषेजवळून चेंडू ढकलत होते आणि डीच्या टोकाला ईश्वरी उभी होती, अनवाणी. गोल रिकामा. ती एकामागून एक फ्लिक मारत होती, आणि इतके दात-ओठ खाऊन की चेंडू गोलाच्या वरून, बाजूनं, कुठंही जात होते.

मी गाडी लावली. सरांच्या पिशवीतली एक स्टिक उचलली आणि गोलरेषेवर जाऊन उभी राहिले. तोंडाला मुखवटा नाही, पायाला पॅड नाहीत. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं स्टिक मुरुमावर टेकवली. सरांनी चेंडू ढकलला.

मी सुटले. समोरून येणाऱ्या फ्लिकवर तीन वर्षांनी सुटले होते, छाती फुटायला आली. ती खाली वाकली, आणि चेंडू निघायच्या आधीच मला कळलं की हा गोलाकडे येणार नाही. तो माझ्या मांडीवर बसला. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी गुडघ्यावर बसले आणि सर धावत आले.

"लागलं?"

"परत टाका, सर," मी म्हणाले.

दुसराही तिनं माझ्या अंगावरच मारला. या वेळी मी स्टिक मध्ये घातली, चेंडू दांड्यावर आपटून उडाला आणि हाताला झिणझिण्या आल्या. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा आमची तोंडं हातभर अंतरावर होती. ती रडत होती. मीही. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि तिच्या डोळ्यांत तेच दिसत होतं. मी पाठ फिरवून गोलरेषेवर गेले.

सरांनी तिसरा चेंडू ढकलला. मी सुटले. तिनं मान वर केली ती माझ्याकडे बघायला नाही. तिनं गोल पाहिला. मग तिचा डावा पाय मागून येऊन रुंद पडला, कंबर मुरुमाला टेकेल इतकी खाली गेली, आणि खुबा असा फिरला की मी धावता धावता बघतच राहिले. चेंडू माझ्या कानाजवळून गेला. मागे जाळं हललं.

"ल्येट सुटलीस," ती म्हणाली. उंबऱ्यावरच्या त्या दिवसानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"तू लवकर मारलास."

"मग लवकर सूट."

मी लंगडत गोलरेषेवर परत गेले.